जशी आहे तशी, आणि माझा पांढरा उजेड

जुना झालो आहे, तरी अजून पेटतो. माझी ओळख एवढीच पुरे, मित्रांनो. बाजारात मला रिंगलाइट म्हणतात. मी म्हणजे प्रकाशाचे एक कडे. मधोमध पोकळी, त्या पोकळीत फोन अडकवायचा चिमटा, आणि खाली तीन पायांवर उभी राहणारी काठी. त्यांतला एक पाय मोडला तेव्हा तो सुतळीने बांधला गेला, आणि ती गाठ आता माझ्या अंगाचाच भाग झाली आहे. सध्या माझा मुक्काम परळच्या एका बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत आहे. तेथे लांब टेबलाच्या कडेला मी मान वाकवून उभा असतो. ही मान कोणी आणि का वाकवली, ते सांगण्यासाठी आज मी बोलतो आहे.

माझ्यासारख्या वस्तू स्वतःविषयी बोलू लागल्या की बहुधा तक्रार करतात. माणसांनी वापरले आणि टाकून दिले, असे त्यांचे म्हणणे असते. माझी तशी तक्रार नाही. मला नीट पुसले जाई, माझी तार कधी ओढली गेली नाही. मला सांगायचे आहे ते नेमके उलट आहे. ज्यांनी मला चांगले वागवले, त्यांच्याशी मी कसा वागलो, हा माझा विषय आहे.

कोणी म्हणेल, दिव्याला कसला आला अपराध? बटण तर माणूस दाबतो. हा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळदा करून पाहिला आहे, आणि तो दर वेळी एकाच जागी अडतो. बटण दुसऱ्याने दाबले हे खरे. परंतु त्यानंतर जे कौतुक झाले ते मी माझे म्हणून घेतले. कौतुक घेताना जो हजर होता, त्याला दोषाच्या वेळी गैरहजर राहता येत नाही.

कोणत्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ते माझे खोके. त्यावर एका तरुणीचे चित्र छापले होते. दुधासारखा गोरा चेहरा, आणि दोन्ही डोळ्यांत माझेच एकेक कडे. जगातील चेहरे असेच असतात, अशी माझी पहिली समजूत त्या चित्राने करून दिली. पुढे लॅमिंग्टन रोडवरील हितेंद्रभाईंच्या दुकानात मी मांडणीवर उभा होतो, तेव्हा एके दिवशी संध्याकाळी दोघी मायलेकी आल्या.

मुलीचे नाव अक्षता. तिच्यासारख्यांना लोक भिडेखातर सावळी म्हणतात. मला नेमका शब्द वापरू द्या. ती काळी होती. तिची आई सीमाबाई, त्याही काळ्या होत्या, आणि दोघींच्या कपाळांवर घामाची सारखीच चमक होती.

“व्हिडिओ बनवता काय मॅडम? रेसिपी?” हितेंद्रभाईंनी विचारले.

“नाही. टेस्टिंग शिकवते. सॉफ्टवेअर टेस्टिंग. मराठीत.”

“अरे वा! मग हा घ्याच. तीन कलर आहे बघा. पिवळा एकदम घरगुती वाटते. तुम्ही पांढरा ठेवायचा, फुल. चेहरा दोन शेड वर जाते, गॅरंटी.”

“दोन शेड?” सीमाबाई म्हणाल्या. “ही काय भिंत आहे?”

“आई, गप ना जरा.”

हितेंद्रभाई हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांनी आपुलकीने तिचा फोन मागून घेतला, त्यातली चेहरा गुळगुळीत करण्याची सोयही चालू करून दिली, आणि मला खोक्यात घातले.

अक्षताला माझी गरज का पडली, हे मला घरी गेल्यावर समजले. ती लोअर परळच्या एका कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढणे हे तिचे काम. हे काम मुलींना, विशेषतः ज्यांच्या घरात संगणक नाही अशा मुलींना, मराठीत शिकवावे असे तिच्या मनात आले, आणि तिने चाळीच्या गॅलरीत, दिवसाच्या उजेडात, पहिला व्हिडिओ केला. त्याखाली लोकांनी लिहिले, ‘ताई, आधी तोंड दिसू दे, मग कोड बघू.’ आणखी एकाने लिहिले, ‘लाइट गेलीय का लालबागची?’ त्यापुढे हसणाऱ्या तोंडांची रांग होती.

“लाइटचा प्रॉब्लेम आहे,” अक्षताने आईला सांगितले.

मित्रांनो, चूक शोधणे हाच जिचा व्यवसाय, तिने एवढ्या ढळढळीत चुकीचे मूळ भलतीकडेच दाखवावे, याचे मला पुढे फार आश्चर्य वाटले. परंतु दुखणे स्वतःचे असले की माणूस सोपे निदान स्वीकारतो. ते निदान मी होतो.

लालबागच्या त्यांच्या खोलीत माझी जागा कपाटाशेजारी ठरली. खाली गल्लीत मसाला कुटण्याची यंत्रे होती. उन्हाळ्यात ती दिवसभर धडधडत, आणि मिरचीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येई. यंत्र थांबले की अक्षता घाईघाईने बोलायला सुरुवात करी, आणि पुन्हा धडधड सुरू झाली की सीमाबाई आतून म्हणत, “घे, आला तुझा बँडबाजा.” मग दोघी शिंकत, आणि ते वाक्य नव्याने घेतले जाई.

माझ्या उजेडातला पहिला व्हिडिओ लोकांना आवडला. ‘ताई, काय ग्लो आहे!’, ‘किती फ्रेश दिसता!’ अशी वाक्ये त्याखाली आली. माझ्या पोकळीत बसणाऱ्या फोनवर ती उमटत, आणि मी फुशारून जाई. अक्षताच्या कंपनीत एक नियम होता. जे चालते आहे, त्याला हात लावायचा नाही. तोच तिने येथे लावला. पहिल्या दिवशी जी मापे ठरली, माझा पूर्ण पांढरा उजेड, फोनची ती गुळगुळीत सोय, चेहऱ्यापासून माझे अंतर, ती तिने तशीच जपून ठेवली. ती प्रत्येक व्हिडिओचा आवाज तपासे, पडद्यावरचे शब्द तपासे, उदाहरण दोनदा चालवून पाही. एक गोष्ट मात्र तिने कधीच तपासली नाही, आणि ती म्हणजे स्वतःचा चेहरा.

प्रत्येक व्हिडिओची सुरुवात एकाच वाक्याने होई. “मी अक्षता. लालबागच्या चाळीतली. आजोबा गिरणीत होते, आई हॉस्पिटलात आया आहे. मी जशी आहे तशी इथवर आले. तुम्ही पण जशा आहात तशा या.”

हे वाक्य ऐकून मुलींनी तिला किती लिहिले! सावंतवाडीच्या एकीने लिहिले की तिने शिवणाचा क्लास न सोडता टेस्टिंग शिकायला घेतले आहे. माटुंग्याच्या कॉलेजातल्या मुली जेवणाच्या सुटीत एकाच फोनभोवती बसून धडे पाहत. एका गृहिणीने मूल झोपले की पाहते असे कळवले. अक्षता प्रत्येकीला उत्तर देई. तिने मुलींसाठी खरेच पुष्कळ केले, हे मी येथे स्पष्ट नोंदवतो. कारण माझा दोष सांगताना तिचे श्रेय झाकले जाणे हा आणखी एक दोष होईल.

परंतु त्या वाक्याच्या वेळी मी पूर्ण तेजाने पेटलेला असे. ‘जशी आहे तशी’ हे शब्द तिच्या तोंडून निघत आणि त्याच क्षणी मी ते खोटे पाडत असे.

सीमाबाईंना हे आधी उमगले. एकदा त्या फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, “यात बघितलं की तू माझी लेक वाटत नाहीस गं. कुणाचीतरी पाहुणी वाटतेस.”

“कॅमेऱ्यात तसंच दिसतं, आई.”

“आणि बाबासाहेब कुठं गेले?”

त्या खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची अशा दोन तसबिरी होत्या. माझे कडे त्यांच्या काचेत उमटे. बाबासाहेबांच्या चष्म्यावर एक पांढरे वर्तुळ दिसे. म्हणून अक्षताने खुर्ची सरकवली, आणि तिच्यामागे नुसती रिकामी भिंत आली.

“काचेत लाइट येते म्हणून सरकवलं.”

“लाइट येते तर लाइट हलव. त्यांना कशाला हलवतेस?”

अक्षताने खुर्ची तेथेच ठेवली. खुर्ची सरकवण्याचे कारण केवळ माझे प्रतिबिंब होते, की प्रतिबिंब हे निमित्त होते, याचा निवाडा मी करू शकत नाही. मी एवढेच सांगतो की निमित्त मी पुरवले होते.

याच सुमारास वडाळ्याहून बकुळा नावाची मुलगी लिहू लागली. घराणे कोकणातले, आजीचे नाव नातीला ठेवलेले. ती संगणकाच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षात होती. एके दिवशी तिने अक्षताच्याच एका उदाहरणातली चूक काढून दाखवली. अक्षता फोन घेऊन स्वयंपाकघरात धावली. “आई, या पोरीनं माझा बग पकडला! माझा!” असे ती ज्या आनंदाने म्हणाली, तो आनंद खऱ्या शिक्षकाचाच असतो.

पुढे अक्षताच्या कंपनीत काही प्रशिक्षणार्थी मुलामुलींच्या जागा निघाल्या. अर्ज करायचा होता, एक परीक्षा द्यायची होती, आणि स्वतःची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ पाठवायचा होता. अक्षताने बकुळाला कळवले, आणि ओळख आहे म्हणून निवडीच्या कामातून स्वतः बाजूला झाली. बकुळाने अर्ज केला. परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले. व्हिडिओ मात्र ती पाठवीना. मुदत संपत आली. घरून नोकरीसाठी घाई होती. ही संधी गेली तर वडील सांगतील त्या दुकानात हिशेबाला बसावे लागणार, असे तिने लिहिले होते. शेवटी अक्षताने कळवले, ‘रविवारी घरी ये. इथं करू.’

त्या रविवारी सकाळी अक्षता मागच्या गॅलरीत आईबरोबर मिरच्यांचे देठ काढत बसली होती. अंगावर जुना कुर्ता, केसांना तेल, बोटे लाल. दार वाजले तेव्हा तीच उठली. दारात एक किरकोळ बांध्याची, काळी, तरतरीत मुलगी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर पावडर इतकी होती की कानांजवळ तिची सीमारेषा दिसत होती.

“अक्षतामॅडम इथंच राहतात ना?” तिने विचारले. “त्यांनी बोलावलंय. आहेत का आत?”

अक्षताने लाल बोटे कुर्त्याला पुसली. मग म्हणाली, “मीच अक्षता.”

मुलगी हसली. “नाही हो. अक्षतामॅडम. त्या व्हिडिओवाल्या.”

“मीच गं ती. व्हिडिओवाली. ये, बकुळा.”

आवाज ओळखू आला तेव्हा बकुळाच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी थिजले. मी कपाटाशेजारी उभा होतो. मला कोणी पेटवले नव्हते, तरीही त्या दारातून आलेल्या साध्या उजेडात मी पुरता उघडा पडलो होतो. ज्या चेहऱ्यासाठी ही मुलगी वडाळ्याहून आली होती, तो चेहरा या घरात राहतच नव्हता. तो मी तयार केला होता.

सीमाबाईंनी चहा दिला. बकुळा खुर्चीच्या टोकावर बसली.

“सॉरी ताई. मला वाटलं तुम्ही त्यांच्या कोणीतरी…”

“कामवाली वाटली?” सीमाबाईंनी सरळच विचारले.

“अय्यो, नाही हो मावशी! बहीण! मोठी बहीण वाटली.”

“मोठी तर मोठी. पण मला एकच आहे, आणि ती हीच.”

तिघी हसल्या. त्या हसण्यामुळेच बकुळाला पुढचे बोलता आले असावे.

“व्हिडिओ का नाही पाठवलास?” अक्षताने विचारले. “बोलायला घाबरतेस?”

“बोलणं सगळं तयार आहे, ताई. झोपेत विचारा. पण तुमच्यासारखं दिसेना. पावडर लावली, ट्यूबखाली बसले, मागं पांढरी चादर लावली. भूत दिसत होते मी.” ती कपाकडे पाहत म्हणाली, “आत्या म्हणाली, नाद सोड. ती पोरगी गोरी आहे म्हणून तिचं चालतं. मी भांडले आत्याशी. म्हटलं, ताई स्वतः सांगतात, जशा आहात तशा या. तर आत्या म्हणते, गोऱ्या माणसाला असं सांगायला काय जातं?”

“मग?”

“मग काय. मी परत सगळे व्हिडिओ बघितले. बरोबरच होतं तिचं. दिसत होतंच की.”

दिसत होतंच की! मित्रांनो, या वाक्याचा नीट विचार करा. एखादी मुलगी शब्द आणि पुरावा समोरासमोर ठेवते, आणि पुराव्याच्या बाजूने निकाल देते. यात तिचे काय चुकले? उलट, चांगल्या टेस्टरने जे करावे तेच तिने केले. पुरावाच खोटा होता. तो मी निर्माण केला होता, आणि इतके दिवस त्याचा अभिमान बाळगला होता.

तेवढ्यात बकुळाची नजर माझ्याकडे वळली. “ताई, तो दिवा हाच का? लावा ना.”

अक्षताने सवयीने बटण दाबले. बकुळा माझ्यासमोर येऊन बसली आणि फोनमध्ये तिला स्वतःचा चेहरा दिसला. तो उजळला होता. पावडरीची सीमारेषाही दिसत नव्हती. तिच्या डोळ्यांत माझी दोन कडी चमकत होती, अगदी माझ्या खोक्यावरच्या चित्रातल्यासारखी. एवढ्या निरागस आनंदाने माझ्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते, आणि त्या आनंदाची मला भीती वाटली.

“हेच करू, ताई. पटकन.”

“नको.” अक्षताने मला बंद केले. “गॅलरीत करू. छान उजेड आहे बाहेर.”

“का? तुम्ही तर हाच लावता.”

“चुकलंच ते माझं.”

बकुळाचा आवाज बदलला. “चुकलं कसं? तुमचं तर सगळं झालं ना? नोकरी झाली, नाव झालं, पोरी ताई ताई करतात. आणि माझी वेळ आली तर गॅलरीत! तुम्हाला लागला, मला नको?”

खाली मसाल्याचे यंत्र सुरू झाले होते. सीमाबाई मिरच्यांचे सूप बाजूला सारून आत आल्या.

“ए पोरी, एक ऐक. हिला नोकरी लागली तेव्हा कुठं होता हा दिवा? तेव्हा खोकं पण नव्हतं घरात. हाच चेहरा घेऊन गेली होती मुलाखतीला. माझी साडी नेसून. याच चेहऱ्याला नोकरी दिली त्यांनी.”

बकुळा खुर्चीवरून उठली.

“मग ते दाखवायचं ना, मावशी!” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. “तेच तर पाहिजे होतं मला. ते का लपवलं?”

मित्रांनो, माझ्यावरील आरोप याहून नेमक्या शब्दांत कोणी मांडू शकणार नाही. मी खोटा चेहरा दाखवला, एवढेच असते तर गुन्हा लहान होता. परंतु अक्षताचे ते वाक्य खरे होते. ती खरोखरच जशी आहे तशी तेथवर पोहोचली होती. या एका सत्याची त्या मुलींना अन्नासारखी गरज होती, आणि नेमके तेच मी झाकून टाकले. अंधार वस्तू झाकतो हे सर्वांना ठाऊक आहे. उजेडही झाकू शकतो, हे मी त्या रविवारी शिकलो.

अक्षता उठली. तिने माझी तार भिंतीतून काढली. खुर्ची ओढत गॅलरीच्या दाराशी नेली, दोन्ही तसबिरी मागे दिसतील अशी ठेवली, फोनमधली ती गुळगुळीत सोय शोधून बंद केली, आणि तेल लावलेल्या केसांनिशी बसली. फोन सीमाबाईंच्या हातात होता.

“मी अक्षता,” ती म्हणाली. “आज एक मुलगी माझ्या दारात आली आणि तिनं मला ओळखलं नाही. चूक तिची नव्हती. मी कायम दिवा लावून बसते. मी अशी दिसते. मुलाखतीला गेले होते तेव्हा पण अशीच दिसत होते.” तेवढ्यात खालून मिरचीचा भपकारा आला आणि ती शिंकली, पाठोपाठ सीमाबाई शिंकल्या आणि चित्र हलले. एरवी हे पुन्हा घेतले गेले असते. ती नाक पुसून पुढे म्हणाली, “हे तुम्हाला आधीच दाखवायला पाहिजे होतं. नाही दाखवलं. माफ करा.”

तिने तो व्हिडिओ तसाच, न तपासता, लोकांसमोर ठेवला. मग बकुळाला म्हणाली, “दिवा तिथं आहे, गॅलरी इथं आहे. तू ठरव. मी आता काही सांगायच्या लायकीची नाही.”

बकुळाने माझ्याकडे पाहिले, मग गॅलरीकडे. मी मनात काय इच्छिले, ते प्रामाणिकपणे सांगतो. तिने मला निवडू नये असे मला वाटत होते, आणि निवडले तर किती छान दिसेल, असेही वाटत होते. अपराधी माणसाचा पश्चात्ताप इतका शुद्ध क्वचितच असतो, दिव्याचाही नसतो.

“मावशी, पावडर पुसू का?” तिने विचारले.

“घाम आलाय तेवढा पूस. बाकीचं तुझं तू बघ.”

बकुळाने ओढणीने सगळा चेहरा पुसला आणि गॅलरीत जाऊन बसली.

आता तिची निवड झाली आणि सर्व गोड झाले, असे सांगता आले असते तर मला हायसे वाटले असते. तिची निवड झाली नाही. कारण कोणी कळवले नाही, आणि अक्षताला विचारता येत नव्हते. त्या बातमीनंतर मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहिलो. त्या सकाळी मी पेटलो असतो तर? कदाचित तिला ती जागा मिळाली असती. ‘नसती मिळाली’ असे मी खात्रीने म्हणू शकत नाही, आणि जो तसे खात्रीने म्हणेल त्याच्याशी मी वाद घालीन. पण मग नोकरीच्या पहिल्या दिवशी तिला त्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागले असते, आणि कोणीतरी तिच्याकडे पाहून विचारले असते, ‘बकुळा आल्या नाहीत का?’ या दोहोंत कोणते दुःख मोठे, ते मला ठरवता येत नाही. दोन्हींच्या मुळाशी माझ्यासारख्या हजारो दिव्यांनी लोकांच्या डोळ्यांना लावलेली सवय आहे, एवढे मात्र मी जाणतो.

अक्षताच्या त्या व्हिडिओखाली कोणी लिहिले, ‘ही कोण?’ कोणी लिहिले, ‘खऱ्या ताईंना आणा.’ पुष्कळ लोक निघून गेले. सावंतवाडीच्या शिवण शिकणाऱ्या मुलीने मात्र काहीही न लिहिता स्वतःचा एक फोटो पाठवला, दारात काढलेला, उन्हात. तो अक्षताने आईला नेऊन दाखवला.

मी पलंगाखाली गेलो. लोखंडी पेटीच्या बाजूला, धुळीत. माझा पाय तेव्हाच मोडला. सगळा दोष एका दिव्यावर ढकलून त्याला अंधारात सारणे सोपे होते, आणि मीही त्याविरुद्ध काही म्हटले नाही. फोनही माझा साथीदार होता. पण तो विकला गेला आणि आता कोणाच्या तरी खिशात आहे. ज्याची साक्ष काढता येत नाही, त्याच्यावर मी काही ढकलणार नाही.

पुढे एके दिवशी सीमाबाईंनी मला ओढून बाहेर काढले. विहाराच्या अभ्यासिकेत अक्षताने शनिवारी मुलींचा वर्ग सुरू केला होता. जुने, बंद पडलेले संगणक उघडून मुली त्यांचे भाग जोडत, आणि तेथील दिवा मंद होता. “पांढरा उजेड पाहिजे ना त्यांना? हा घे, फुकट पडलाय,” असे म्हणत त्यांनी मोडक्या पायाला सुतळी बांधली.

बकुळाही तेथे येऊ लागली. तोवर तिला माहीमच्या एका छोट्या कंपनीत काम मिळाले होते. तेथे व्हिडिओ मागितला नव्हता, समोर बसवून परीक्षा घेतली होती. पहिल्या शनिवारी तिने मला लगेच ओळखले.

“ताई, हा तोच ना?”

“तोच,” अक्षता म्हणाली. “नको असेल तर परत नेते.”

“राहू दे. बिचाऱ्याला काम तरी द्या.” तिने माझी मान धरली आणि वाकवली. चेहऱ्यांवरून माझा उजेड उतरला आणि टेबलावर पडला. स्क्रू, तारा आणि काम करणाऱ्या मुलींच्या काळ्या, गोऱ्या, सावळ्या बोटांवर. बोटे जशी होती तशी दिसत होती. आजवर मला मिळालेले सर्वांत मोठे पारितोषिक तेच.

माझी कहाणी येथे संपली असती, तर मी शांतपणे विझलो असतो. पण ती संपलेली नाही. अक्षताने तिचे जुने व्हिडिओ काढून टाकलेले नाहीत. त्यांत धडे आहेत, आणि ते पाहून मुली अजून शिकतात. काढले तर त्यांचेच नुकसान. तिने प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत, पण त्या ओळी कोण वाचतो? मी येथे टेबलावर वाकलेला असताना, तेथे कोणत्या तरी गावात, कोणत्या तरी फोनवर, मी आजही पूर्ण तेजाने पेटलेला आहे. ती म्हणते आहे, ‘जशी आहे तशी’, आणि मी तिला खोटे पाडतो आहे. माझी तार कोणीही ओढली, तरी तो उजेड विझत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या शेजारी एखादी मुलगी असा चेहरा पाहून आरशाकडे पाठ फिरवताना दिसली, तर तिच्याजवळ बसा आणि तिला सांगा, की त्या चेहऱ्याच्या डोळ्यांत जे पांढरे कडे दिसते, तो मी आहे. त्या दिव्याला वगळून बघ, म्हणावे. मग ती ताई तुला ओळखीची वाटेल.